जनुक अडवतं कोण, सोडतं कोण?

मे-जूनमध्ये आलेली पत्रं दरवर्षी उन्हानं भरलेली असतात. यंदाही तसंच झालं, पण सोबत संत्रा आला, सिकलसेल हा रक्ताचा आजार आला, दम्याचा पंप आला आणि बारावीचा एक मुलगाही आला. गठ्ठ्यातून सहा पत्रं घेतली आहेत. विषय वेगळे दिसले तरी सगळ्यांना विचारायचंय एकच: बाहेर काहीतरी घडतं, ते आत पेशीतल्या जनुकापर्यंत पोचतं कसं, आणि पोचल्यावर करतं काय? आयुष्यभर जीवरसायनशास्त्र शिकवल्यामुळे असे प्रश्न आले की मी लांबते. संपादकांनी या वेळी कात्री लावलेली नाही. नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

म्याडम, मी बारावीत आहे, नीटची तयारी करतोय. लॅक ओपेरॉन तोंडपाठ आहे. पण एका व्हिडिओत रास, रॅफ, मेक, अर्क अशी प्रथिनांची साखळी पाहिली. पहिल्यानं दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. हार्मोननं सरळ जाऊन जीन चालू का करू नये? मध्ये एवढे टप्पे कशाला? — नंदनवन

तुला लॅक ओपेरॉन, म्हणजे जिवाणूतली दुधातली साखर पचवणारी जनुकं, पाठ आहे, चांगलं आहे. आता पुस्तक मिट आणि सांग, दुधातली साखर नसताना तिथे काय चाललेलं असतं? जनुक झोपलेलं नसतं. रिप्रेसर नावाचं प्रथिन डीएनएवर बसून त्याला अडवून धरत असतं. साखर आली की रिप्रेसर सुटतो आणि जनुक मोकळं होतं. पॅरिसच्या जॅकोब आणि मोनो यांनी १९६१ साली हे मांडलं आणि १९६५ साली ल्वॉफ यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. तू ‘चालू करणं’ म्हणतोस, मी ‘सोडणं’ म्हणेन. या पानावरची पुढची पत्रं वाच, हेच पुन्हा पुन्हा दिसेल.

आता टप्प्यांचं. काही हार्मोन खरंच सरळ आत जातात. स्टेरॉइड जातीचे हार्मोन तेलात विरघळणारे, त्यांना पेशीपटल अडवत नाही. पण ॲड्रेनलिन, इन्सुलिन, वाढीचे घटक यांना आत शिरता येत नाही. ते पटलावरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, धरतात आणि पुढचं काम आतल्यांनी करायचं असतं. बाहेरचा निरोप आत वेगळ्या रूपात जातो, हे अर्ल सदरलँड यांना यकृतावर काम करताना १९५०च्या दशकात सापडलं. तो आतला निरोप्या म्हणजे सायक्लिक एएमपी. त्यासाठी त्यांना १९७१चं नोबेल मिळालं. आणि गंमत बघ, तुझ्या लॅक ओपेरॉनलाही सायक्लिक एएमपी लागतं. जिवाणूत ते ग्लुकोज संपल्याची खबर देतं, आपल्या यकृतात ॲड्रेनलिन आल्याची. रेणू तोच.

साखळीचा पहिला फायदा सगळी पुस्तकं सांगतात: एका रिसेप्टरपासून हजारो रेणू जागे होतात. मला त्याहून दुसरा जास्त आवडतो. साखळीमुळे पेशीला वेळ मोजता येतो. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून काढलेल्या पीसी-१२ नावाच्या पेशी आहेत. त्यांना ईजीएफ नावाचा वाढीचा घटक दिला तर त्या विभागतात. एनजीएफ नावाचा दुसरा घटक दिला तर विभागणं सोडून चेतापेशीसारखे लांब तंतू काढतात. दोन्हीकडे साखळी तूच लिहिलेली, रास-रॅफ-मेक-अर्क. फरक एवढाच की ईजीएफनं अर्क काही मिनिटं जागं राहतं आणि निवतं, एनजीएफनं ते तासन् तास जागं राहतं. हे पेशीला कळतं कसं? अर्क जागं झाल्यावर काही मिनिटांतच फॉस नावाच्या जनुकाचा आरएनए, म्हणजे जनुकाची नक्कल, बनू लागतो, पण फॉस प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो. ते तयार होईपर्यंत अर्क जागं असेल तर ते फॉसवर फॉस्फेट लावतं आणि फॉस टिकतं. अर्क तोवर निवलं असेल तर फॉस तसंच मोडीत निघतं. म्हणजे लांबलेला निरोप तेवढा खरा धरायचा. हार्मोननं थेट जनुकाला हात घातला असता तर ही पारख कुठून आली असती?

ईजीएफ आणि एनजीएफ, दोन्हींच्या शोधात स्टॅन्ली कोहेन होते. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत १९८६ साली त्यांना नोबेल मिळालं. परीक्षेत यातलं फारसं काही विचारणार नाहीत. तरी वाचून ठेव.

ताई, आमच्या लहानपणी कूलर नव्हते, तरी आम्ही ऊन काढायचो. नातू मार्चपासूनच एसी मागतो. नवतपा लागला की मी त्याला म्हणतो, थोडं ऊन अंगावर घे, सवय होते. सूनबाई म्हणते, सवय वगैरे काही नसतं, ऊन लागतं. कोणाचं खरं? आणि खिशात कांदा ठेवल्यानं काही होतं का? — महाल

काका, सवय होते. सूनबाईंचंही खरं आहे, ऊनही लागतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वेगानं होतात, घोळ तिथे आहे.

आधी सवयीचं बघू. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गडद रंगाच्या शर्टावर पाठीकडे पांढरे डाग उमटतात. ते मीठ. रोज उन्हात काम करणाऱ्याचे हे डाग आठ-पंधरा दिवसांत कमी होत जातात, घाम मात्र वाढतो. शरीर घाम जास्त आणि मीठ कमी सोडायला लागतं. हे काम अल्डोस्टेरॉनचं. हा हार्मोन मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येतो, घामाच्या ग्रंथीतल्या पेशीत सरळ शिरतो, आत वाट पाहणाऱ्या आपल्या रिसेप्टरला धरतो आणि दोघं मिळून केंद्रकात जातात. तिथे ज्या जनुकांच्या जोरावर पेशी सोडियम परत ओढून घेते, ती कामाला लागतात. आरएनए बनायचा, त्यावरून प्रथिन बनायचं, मग ते जागेवर पोचायचं, म्हणून परिणाम दिसायला तासाच्या वर वेळ जातो आणि पक्की सवय लागायला एक-दोन आठवडे. ती टिकत मात्र नाही. काही आठवडे थंड खोलीत काढले की शरीर पुन्हा पूर्वपदावर येतं. नातवाची सवय एसीनं मोडते, हा तुमचा आरोप मी मान्य करते.

आता ऊन लागतं तेव्हाचं. उष्णतेशी लढायची पेशीची एक तयारी जवळपास सगळ्या जिवांत आहे, माणसापासून माशीपर्यंत. १९६० च्या सुमारास इटलीत फेरुचिओ रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं बघत होते. सहकाऱ्यानं उबवणी पेटीचं तापमान चुकून वाढवलं आणि त्यांना गुणसूत्रांवर भलत्याच जागी फुगवटे दिसले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक जोरात काम करतंय. १९६२ साली त्यांनी हे छापलं, तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं हाती लागायला १९७४ उजाडलं. त्यांना हीट शॉक प्रथिनं म्हणतात. उष्णतेनं पेशीतली इतर प्रथिनं विस्कटतात, ही त्यांना धरून पुन्हा घडी बसवून देतात.

आता यांना उष्णता झाल्याची खबर कोण देतं? पेशीत एचएसएफ-१ नावाचं प्रथिन असतं. एरवी हीट शॉक प्रथिनं स्वतःच त्याला धरून ठेवतात. ऊन वाढलं, बाकीची प्रथिनं विस्कटायला लागली की धरणाऱ्यांना तिकडे धावावं लागतं. एचएसएफ-१ मोकळं होतं, तिघं-तिघं एकत्र येतं आणि डीएनएवर जाऊन बसतं. म्हणजे पेशी पारा मोजतच नाही, झालेलं नुकसान मोजते. मला हे फार हुशारीचं वाटतं.

फळमाशीत आणखी एक गोष्ट दिसली. आरएनए लिहिणारं यंत्र या जनुकावर ऊन नसतानाही येऊन उभं असतं. वीस-चाळीस अक्षरं लिहून तिथेच थांबलेलं. आपल्या पोळ्यासारखं. बैल सजवून, झुली घालून तोरणाखाली आणून उभे केलेले, झडत्या चाललेल्या, आणि तोरण तुटलं की पोळा फुटतो. बैल आणायला घरी कोणी जात नाही. म्हणूनच ऊन झाल्यावर काही मिनिटांत ही जनुकं धावायला लागतात.

पण काका, जनुक मिनिटांत धावलं तरी पुरेशी प्रथिनं साठायला तास लागतात, आणि दुपारी दोनला रस्त्यावर शरीराचं तापमान चाळीसच्या वर जायला तेवढा वेळ लागत नाही. माणूस बरळायला लागला, तोल गेला, अंग भट्टीसारखं तापलं तर सवयीच्या गोष्टी बाजूला ठेवायच्या. सावलीत न्यायचं, अंगावर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. वय वाढतं तशी पेशींची ही हीट शॉकची तयारी मंदावते, तहानही कमी लागते. तेव्हा नातवाला सवय लावताना तुम्ही सोबत गच्चीवर बसू नका. त्यालाही सकाळी किंवा सूर्य कलल्यावर, रोज थोडं थोडं.

कांद्यानं काही होत नाही. खिशाला वास येतो. पन्ह्यानं होतं, कारण त्यात पाणी, मीठ आणि साखर एकत्र असतात. आतड्यातल्या पेशी साखरेसोबत सोडियम ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी येतं. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मीठ-गुळाचं प्रमाण डॉक्टरांना विचारा.

म्याडम, माझी संत्र्याची बाग आहे, मृग बहार धरतो. एप्रिलच्या शेवटी पाणी तोडलं. जमीन भारी, त्यात मधातच अवकाळी झाला आणि ताण मोडला. दुकानदार म्हणते, जिब्रेलिक मारा, फूल येईल. शेजारी म्हणते, त्यानं आहे ते फूलही जाईल. मला आधी हे सांगा, झाडाला पाण्याविना ठेवलं तर त्याला फूल काऊन येते? — काटोल तालुका

शेजाऱ्याचं ऐका. पण का, ते सांगते, कारण तुमचा प्रश्न या महिन्यातला सगळ्यात चांगला आहे.

‘झाडाला मरायची भीती वाटते म्हणून ते फुलतं,’ असं मी कितीदा ऐकलंय. झाडाला भीती वाटत नाही. झाडाच्या पानात एक जनुक आहे, एफटी. त्यापासून बनलेलं प्रथिन पानातून निघून अन्नरसासोबत फांदीवरच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेपर्यंत, जातं आणि तिथली फूल घडवणारी जनुकं मोकळी करतं. पानातून असं काहीतरी जात असावं, हे रशियाच्या चाइलाख्यान यांनी १९३७ साली सांगितलं आणि त्याला फ्लोरिजेन नाव दिलं. ते ‘काहीतरी’ म्हणजे एफटी प्रथिनच, हे पक्कं व्हायला २००७ साल लागलं. लिंबूवर्गीय झाडांत हे जनुक दोन गोष्टींनी वर चढतं: थंडीनं आणि पाण्याच्या ताणानं. थंडीचा तुमचा आंबिया, जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा. ताणाचा मृग. शेतकऱ्यांनी दोन्ही वाटा शोधून काढल्या, तेव्हा जनुक हा शब्दही कोणाला माहीत नव्हता.

ताणात झाडात आणखी एक गोष्ट होते, ती तुम्हाला डोळ्यांनी दिसते. पानं मलूल होतात, काही गळतात. पाणी कमी पडलं की झाडात ॲब्सिसिक आम्ल वाढतं. पेशीत फॉस्फेट लावणारी काही किनेझ प्रथिनं असतात, पण एरवी फॉस्फेट काढून टाकणारी दुसरी प्रथिनं त्यांना दाबून ठेवतात. ॲब्सिसिक आम्ल रिसेप्टरला धरतं, रिसेप्टर त्या दाबणाऱ्यालाच अडकवून ठेवतो, आणि किनेझ सुटतात. मग पानावरची छिद्रं मिटतात, ताण सोसायची जनुकं कामाला लागतात. हा रिसेप्टर सापडला २००९ साली, म्हणजे परवाच म्हणायचं.

एक लक्षात घ्या. ताण डोळ्याला फुलाकडे वळवतो, पण फूल बाहेर येतं ताण तोडल्यावर, पाणी मिळाल्यावर. तुमच्याकडे अवकाळीनं ताण अर्ध्यात तोडला. ज्या डोळ्यांचं वळणं झालं होतं ते फुलतील, बाकीच्यांतून पालवी निघेल. भारी जमिनीत पाणी खोल धरून राहतं, ताण बसायलाच उशीर लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

आता जिब्रेलिक. झाडातल्या जिब्रेलिन या वाढीच्या हार्मोनचाच हा प्रकार. झाडात डेला नावाची प्रथिनं वाढ अडवून धरतात. जिब्रेलिन आलं की डेला मोडीत निघतात आणि फांदी लांबते. आपण हे घरात खाल्लेलं आहे: मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या गव्हात डेलाचं जनुक असं बदललेलं होतं की जिब्रेलिन आलं तरी ते प्रथिन हटत नाही. म्हणून गहू ठेंगणा राहिला, खत पचवूनही आडवा पडला नाही. कल्याण सोना त्याच वंशातला.

संत्र्यात डोळा फुलाकडे वळायच्या काळात जिब्रेलिक मारलं तर पानातलं एफटी खाली येतं आणि फूल कमी होतं. स्पेनमध्ये ज्या वर्षी फार फूल येण्याची लक्षणं दिसतात त्या वर्षी ते मुद्दाम याच कामासाठी मारतात. पण फळ बसल्यावर तेच जिब्रेलिक फळगळ कमी करायला वापरतात, आणि तुमच्या दुकानदारानं बहुधा तेच पाहिलेलं आहे. निरोप तोच, पण फळाच्या पेशीत त्या वेळी मोकळी असलेली जनुकं वेगळी आणि डोळ्यातली वेगळी. त्यामुळे औषध चांगलं की वाईट हे विचारून भागत नाही, झाडाची अवस्था विचारावी लागते.

भारी जमिनीत ताण बसत नसेल तेव्हा वाढरोधक मारतात. ते झाडात जिब्रेलिन बनायचंच थांबवतात, म्हणजे तुमच्या दुकानदाराच्या नेमकं उलट. पण प्रमाण मी इथे लिहिणार नाही. पॅक्लोब्युट्राझोलसारखं औषध जमिनीत फार दिवस राहतं, हिशेब चुकला तर झाड पुढच्या वर्षीही आखडतं. नागपूरला अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. माती आणि बागेचे फोटो घेऊन तिथे जा. मी बागाईतदार नाही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, सिकलसेल एसएस पॅटर्न. नागपूरला उपचार चालू आहेत, हायड्रॉक्सीयुरिया देतात. औषध आणायला गेले तर दुकानातला माणूस म्हणाला, हे कॅन्सरचं औषध आहे. घाबरून मी काही दिवस दिलं नाही. घरच्यांना सांगितलं नाही. आता जीनचा उपचार आला म्हणतात, त्यानं तिचं खराब जीन बदलून मिळेल का? — भंडारा जिल्हा

आधी हे: उद्याच डॉक्टरांना फोन करा, किती दिवस दिलं नाही ते खरं सांगा आणि ते म्हणतील तसं औषध पुन्हा सुरू करा. ते रागावणार नाहीत. अशा आया त्यांच्याकडे रोज येतात.

दुकानातला माणूस खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कर्करोगांत देतात. सिकलसेलमध्ये ते त्या कारणासाठी देत नाहीत. अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी त्याला १९९८ साली मान्यता मिळाली, आता लहान मुलांनाही देतात.

तुमची मुलगी पहिले काही महिने ठीक होती ना? बहुतेक आया तेच सांगतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८ साली हे टिपलं की सिकलसेलच्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फार कमी दिसतात. त्यांनी अंदाज केला की पोटातल्या बाळाचं वेगळं हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असावं. अंदाज बरोबर निघाला. गर्भात बाळ गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन बनवतं, एचबीएफ. जन्मानंतर सहा महिन्यांच्या आसपास ते जनुक बंद होत जातं आणि मोठ्यांचं बीटा जनुक काम हातात घेतं. दोष या बीटा जनुकात आहे, सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं. गॅमा जनुक मात्र तुमच्या मुलीकडे धडधाकट आहे, आजही. त्याला अडवून धरलंय.

कोण अडवतं ते २००८ साली बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. बीसीएल-११-ए नावाचं प्रथिन. रक्तपेशी घडत असताना तेच गॅमा जनुकाला दाबतं.

हायड्रॉक्सीयुरिया दोन वाटांनी काम करतं. अस्थिमज्जेत भराभर विभागणाऱ्या पेशींना ते आवरतं, मग मज्जा घाईनं नव्या पेशी तयार करते, आणि घाईत बनलेल्या पेशींत एचबीएफ जास्त असतं. दुसरं म्हणजे त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्यानं पेशीत सायक्लिक जीएमपी वाढतं आणि ती साखळी गॅमा जनुकापर्यंत जाते. पहिल्या पत्रातल्या मुलाला सांगितलेल्या सायक्लिक एएमपीचा हा भाऊ. एचबीएफ असलं की सिकल हिमोग्लोबिनच्या काड्या एकमेकींना चिकटायला अडथळा येतो, पेशी गोल राहते, दुखणं कमी येतं. पण औषध मज्जेला आवरतं म्हणूनच रक्तातल्या पेशी मोजाव्या लागतात. त्या तपासणीची तारीख चुकवू नका.

आपल्याकडच्या रुग्णांत मुळातच आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा एचबीएफ जास्त असतं. त्यावरून ‘आपला सिकलसेल सौम्य’ असं कोणी म्हणालं तर कानाडोळा करा. विदर्भातल्या वॉर्डांत वेदनेनं कळवळणारी मुलं भरपूर आहेत.

आता जीनचा उपचार. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं आणि ८ डिसेंबर २०२३ला अमेरिकेनं कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मान्यता दिली. तुम्ही विचारलंत, खराब जीन बदलून मिळेल का. नाही. या उपचारात खराब जीनला हातही लावत नाहीत. रुग्णाच्याच मज्जेच्या मूळपेशी काढतात, बीसीएल-११-ए ज्या तुकड्याच्या जोरावर रक्तपेशींत बनतं तो तुकडा कापतात आणि पेशी परत देतात. अडवणारा दुबळा झाला, गॅमा मोकळं झालं. मधल्या काळात जुनी मज्जा रिकामी करायला जोरकस केमोथेरपी घ्यावी लागते. २०२३मध्ये अमेरिकेतली किंमत होती बावीस लाख डॉलर, आणि तेव्हाची मान्यता बारा वर्षांच्या पुढच्या रुग्णांसाठी. मी तुम्हाला आशा सोडायला सांगत नाही. पण आज तुमच्या हातात जी कॅप्सूल आहे ती त्याच गॅमा जनुकासाठी धडपडते, तिला कमी लेखू नका.

उन्हाळ्यात तिला पाणी भरपूर द्या, शाळेतही बाटली. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि काड्या लवकर जमतात. भावंडांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या केंद्राच्या सिकलसेल मोहिमेत या तपासण्या धरलेल्या आहेत. एएस निघालं, म्हणजे दोनपैकी एकच बीटा जनुक दोषी असलं (तुमच्या मुलीत दोन्ही आहेत), तर औषध लागत नाही, लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी मात्र लागते.

आणि घरच्यांना सांगा. हे एकटीनं धरून ठेवायचं काम नाही.

एका प्रदर्शनात ‘डीएनए ॲक्टिव्हेट करणारी’ पावडर मिळाली. महाग आहे. घ्यावी का? — प्रतापनगर

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: कोणतं जनुक, कोणत्या पेशीत आणि किती वेळ? रास नावाचं प्रथिन सतत ‘ॲक्टिव्हेट’ राहिलं तर पेशी विभागत सुटते. त्याला कर्करोग म्हणतात. पैसे वाचवा.

मी कळमन्यात मिरचीच्या आडतीवर काम करतो. दमा आहे. डॉक्टरांनी दोन पंप दिले. निळा ओढला की पाच मिनिटांत मोकळं वाटतं. दुसरा रोज दोनदा घ्यायचा, तो तीन दिवस घेतला, काही फरक नाही, सोडून दिला. पैसे फुकट गेले का? — पारडी

फुकट गेले नाहीत, तुम्ही वाट पाहिली नाही.

निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल श्वासनळीच्या स्नायूवरच्या रिसेप्टरला धरतं, आत सायक्लिक एएमपी वाढतं आणि स्नायू सैल पडतो. यात जनुकाचं काम नाही, सगळी सामग्री तयारच असते, म्हणून पाच मिनिटं पुरतात. पण मिरचीच्या धुळीनं नळीच्या अस्तराला आलेली सूज त्यानं उतरत नाही. निळाच ओढत राहिलात तर नळी उघडते, सूज आत वाढत जाते, आणि एक दिवस निळाही पुरत नाही.

सुजेचं मूळ केंद्रकात असतं. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन १९८६ साली रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांना सापडलं. एरवी आयकप्पाबी नावाचा पहारेकरी त्याला केंद्रकाबाहेर अडवून ठेवतो. धूळ, जंतू, ॲलर्जी अशी काही चिथावणी आली की पेशी त्या पहारेकऱ्याचेच तुकडे करते. एनएफ-कप्पा-बी आत जाऊन सूज आणणारी जनुकं मोकळी करतं. त्यातच नवा पहारेकरी बनवायचं जनुकही असतं, म्हणजे सूज स्वतःचा लगाम स्वतःच घडवते. पण तुम्ही रोज सकाळी आडतीवर नवी धूळ नाकात घेता, नवा पहारेकरी टिकतो कुठे?

रोजच्या पंपात स्टेरॉइड आहे. ते पेशीत सरळ शिरतं. त्याचा रिसेप्टर हीट शॉक प्रथिनांच्या ताब्यात तयार बसलेला असतो. होय, महालच्या काकांना सांगितली तीच प्रथिनं. स्टेरॉइड आलं की रिसेप्टर केंद्रकात जातो आणि सुजेच्या जनुकांवर जिथे एनएफ-कप्पा-बी काम करत असतं, तिथे डीएनएची घडी पुन्हा घट्ट करणारी एन्झाइमं बोलावून घेतो. शिवाय निळा पंप ज्या रिसेप्टरवर चालतो, त्याचं जनुकही तो वाढवतो. म्हणजे हा पंप नियमित घेतलात तर निळाही चांगला चालतो. हे सगळं प्रथिनं बनण्याच्या आणि जुनी संपण्याच्या वेगानं होतं. काही दिवसांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण फायदा दिसायला आठवडे लागतात, आणि सोडलं की सूज परत येते.

तो पंप पुन्हा सुरू करा, बंद करायचा का ते डॉक्टर ठरवतील. पोती झाडताना नुसता रुमाल बांधू नका, नाकाला नीट बसणारा मास्क लावा. आणि या पंपानंतर दर वेळी खळखळून चूळ भरा, पाणी गिळू नका. तोंडात राहिलेलं स्टेरॉइड तिथलाही बंदोबस्त ढिला करतं आणि जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो.